कच्चं लिंबू, लेव्हल एक

आजचा भाग जरा गेमिंगवरचा आहे, पण ज्यांनी आयुष्यात ऑनलाइन गेम खेळला नाही त्यांनी पळून जाऊ नका. तुम्ही लहानपणी गल्लीत पकडापकडी खेळला असाल, तर अर्धा विषय तुम्हाला आधीच माहीत आहे.

गल्लीतल्या खेळात एक कच्चं लिंबू असायचं. कुणाचा तरी धाकटा भाऊ, पाच वर्षांचा, "मला पण घ्या" म्हणून मागे लागलेला. त्याला घ्यावं तर लागायचं, नाहीतर आई ओरडणार. मग ठरायचं: हा कच्चं लिंबू. तो पळणार, ओरडणार, सगळं करणार. पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य नाही. दोन-चार महिने हे असंच चालायचं आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणायचं, "आता याला पक्कं धरा." त्या दिवशी त्या पोराची छाती फुगलेली असायची.

मला आज या कच्च्या लिंबाचा इतिहास सांगायचाय. म्हणजे रोल-प्लेइंग गेम्समध्ये अगदी सुरुवातीला जो क्लास मिळतो, ज्याला कुठे नॉव्हिस म्हणतात, कुठे बिगिनर, त्याचा. माझा साधा मुद्दा असा आहे की कुठल्याही गेमने, किंवा कुठल्याही धंद्याने, नवख्या माणसाला चुकायची जागा किती ठेवलीय, यावरून तो गेम कसा आहे ते कळतं. आणि ही जागा गेल्या पन्नास वर्षांत कधी वाढलीय, कधी आकसलीय, तर कधी चक्क विकली गेलीय.

आधी शब्द बघू

नॉव्हिस हा शब्द गेमवाल्यांचा नाही. तो ख्रिस्ती मठांतून आलाय. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठात कसं राहायचं याची नियमावली लिहिली. तिच्यातलं ५८वं प्रकरण नव्या माणसाबद्दल आहे. कुणी दारात आला की लगेच आत घ्यायचं नाही. चार-पाच दिवस तो दारातच थांबला, हटला नाही, तर आत घ्यायचं. मग वर्षभर त्याची नॉव्हिस म्हणून परीक्षा. या वर्षात त्याला अख्खी नियमावली तीनदा वाचून दाखवायची: दोन महिन्यांनी, मग आणखी सहा महिन्यांनी, मग आणखी चार महिन्यांनी. दर वेळी त्याला निघून जायची मुभा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, वर्ष संपून तो पक्का झाला तरी त्याचे बाहेरचे कपडे फेकून द्यायचे नाहीत. जपून ठेवायचे. न जाणो, पुढे कधी तो निघून गेला तर जाताना त्याला त्याचेच कपडे देता यावेत.

आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात. निवडणुकीतली नाही, सुताराकडची, गॅरेजमधली, प्रेसमधली. "तीन वर्षं उमेदवारी केली, मग स्वतःचं दुकान टाकलं." आयटीआय करून कारखान्यात लागलेल्या पोराला सरकारी कागदात आजही 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. शब्द फारसीतून आलाय. उमेदवार म्हणजे उमेद असलेला, आशा धरून बसलेला. इंग्रजीत नवखा म्हणजे नुसता 'नवा'. मराठीत तो 'आशेवर असलेला' आहे. दोन्ही बरोबरच आहेत म्हणा.

१९७४: पहिल्या लेव्हलचा 'व्हेटरन'

आता गेमकडे येऊ. जानेवारी १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनीव्हा नावाचं गाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. कॉम्प्युटर नाही, स्क्रीन नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली मंडळी.

तुम्ही आज कुठल्याही गेममध्ये क्लास निवडता, लेव्हल वाढवता, हिट पॉइंट्स मोजता, ते सगळं या खोक्यातून आलंय. क्लास तेव्हा तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी एका पुरवणीत आला.

पण शिकाऊ असा क्लास नव्हता. तुम्ही पहिल्याच मिनिटाला जादूगार. गंमत म्हणजे प्रत्येक लेव्हलला एक पदवी होती आणि लढवय्याच्या पहिल्या लेव्हलची पदवी होती 'व्हेटरन'. मुरलेला गडी! आणि या मुरलेल्या गड्याची अवस्था काय, तर एक फासा टाकायचा, जो आकडा येईल त्यात एक मिळवायचा, तेवढाच त्याचा जीव. शत्रूच्या घावालाही एक फासा. म्हणजे एका घावात खेळ खल्लास व्हायची पूर्ण शक्यता. जादूगाराला तर वरचा एकही नाही आणि दिवसभरात एक मंत्र. तो मंत्र वापरला की उरलेला दिवस हातात खंजीर घेऊन मित्रांच्या मागे उभं राहायचं.

मेलात तर? नवा कागद घ्या, नवं पात्र लिहा.

इथे चुकायची जागा नियमांत नव्हती, ती टेबलावर होती. समोर बसलेला डंजन मास्टर तुमचा मित्र असायचा. तो डोळा मिटू शकायचा, फासा लपवू शकायचा, म्हणू शकायचा, "बरं, घाव खांद्याला लागला." गल्लीत जसं मोठी पोरं ठरवायची की हा कच्चं लिंबू, तसंच. माणूस समोर होता, म्हणून नियमाची गरज नव्हती.

१९७८: सगळेच नॉव्हिस

चार वर्षांनी इंग्लंडमध्ये, कोलचेस्टरच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम लिहायला घेतला. पुढे त्याचा मित्र रिचर्ड बार्टल यानं तो हातात घेतला. नाव मड, म्हणजे मल्टी-युझर डंजन. पीडीपी-१० नावाच्या मोठ्या मशीनवर चालायचा. चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. "उत्तरेला जा" टाइप केलं की उत्तरेला जायचं. पण त्याच जगात त्याच वेळी दुसरीही माणसं असायची. ऑनलाइन रोल-प्लेइंगच्या सुरुवातीच्या काळातला हा एक मोठा टप्पा.

मडमध्ये क्लासच नव्हते. फक्त लेव्हल. आणि सर्वात खालची पायरी होती नॉव्हिस, सर्वात वरची विझार्ड. आत येणारा प्रत्येक जण नॉव्हिस. प्राध्यापक असो की पहिल्या वर्षाचा पोरगा. बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितलंय की यामागे राजकीय विचार होता. इंग्लंडमध्ये माणूस बोलायला लागला की त्याच्या उच्चारावरून त्याचा वर्ग ठरायचा, आणि तो वर्ग आयुष्यभर चिकटायचा. त्यांना असं जग हवं होतं जिथे माणूस स्वतःच्या करणीने वर जाईल. जन्मावरून शिक्का बसणाऱ्या समाजात सगळ्यांना एका पायरीवर उभं करणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजवायला नको.

पण समानता होती, दयामाया नव्हती. लढाईत मेलात की पात्र पुसलं गेलं. कित्येक रात्रींची मेहनत गायब. इथे समोर मित्र नव्हता, डोळा मिटणारं कुणी नव्हतं. मशीनला कच्चं लिंबू कळत नाही. मशीनला ते कोडमध्ये लिहून द्यावं लागतं. रोज कोड लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, दया दाखवणारा 'इफ' कुणीतरी मुद्दाम लिहावा लागतो. आपोआप काही होत नाही.

पुढे १६ मार्च १९९९ ला 'एव्हरक्वेस्ट' आला. आता चित्रं आली, थ्रीडी आलं, हजारो लोक एकाच जगात. क्लास १४, आणि खेळ सुरू करण्याआधीच त्यातला एक निवडायचा, कायमचा. ज्याला अजून चालता येत नाही त्याला विचारायचं, पुढची दोन वर्षं काय होणार? दहावीच्या निकालानंतर आर्ट्स की सायन्स, तसंच. मेलात तर कमावलेला अनुभव कमी व्हायचा, कधी लेव्हलही उतरायची. आणि तुमचं प्रेत, तुमच्या सगळ्या सामानासकट, जिथे पडलं तिथेच. मग रिकाम्या हाताने तिथपर्यंत धावत जा आणि स्वतःच्याच प्रेतावरून सामान उचला. या धावण्याला 'कॉर्प्स रन' म्हणायचे. जुने खेळाडू आजही त्याबद्दल असं बोलतात, जसे आपले काका गिरणीतल्या दिवसांबद्दल बोलतात.

२००२: बसायलाही शिकावं लागतं

आणि मग कोरियातून आला माझा लाडका गेम, 'रॅग्नारॉक ऑनलाइन'. ली म्युंग-जिन यांच्या त्याच नावाच्या कोरियन कॉमिकवर आधारलेला, ग्रॅव्हिटी कंपनीने बनवलेला, कथा नॉर्स पुराणांवर. कोरियात २००२ मध्ये पैसे भरून खेळायला सुरू झाला. पुढे भारतातही त्याचा वेगळा सर्व्हर होता. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. माझा मामेभाऊ सायबर कॅफेत बसून तो खेळायचा आणि मी त्याच्या खुर्चीच्या दांड्यावर. आता नोकरी करता करता रात्री जेवण झाल्यावर तासभर मी तो पुन्हा खेळतो. मुद्दाम नॉव्हिस खेळतो.

रॅग्नारॉकमध्ये सुरुवातीला क्लास निवडायचाच नसतो. सगळे नॉव्हिस. अंगात सुती सदरा, हातात एक चाकू. समोर पोरिंग नावाचा गुलाबी जेलीचा गोळा उड्या मारत फिरत असतो. त्याला मारलं की कधी सफरचंद पडतं. इथपर्यंत ठीक. पण या नॉव्हिसला काय काय येत नाही, ते बघा.

त्याला 'बेसिक स्किल' नावाचं एक कौशल्य असतं, नऊ पायऱ्यांचं. पहिली पायरी शिकल्यावर दुसऱ्याशी वस्तूंची देवाणघेवाण करता येते. दुसरीवर हसणं-रडणं, म्हणजे डोक्यावर इमोजी दाखवणं. तिसरीवर बसता येतं. हो, बसणं! त्याआधी तुमचं पात्र खाली बसूच शकत नाही. आणि बसलं की जीव लवकर भरून येतो, त्यामुळे बसणं ही चैन नाही. चौथीवर गप्पांची खोली उघडता येते, पाचवीवर दुसऱ्याच्या पार्टीत जाता येतं, सहावीवर सामान ठेवायचं कोठार वापरता येतं, सातवीवर स्वतःची पार्टी काढता येते. आणि नववी झाली की क्लास बदलायला परवानगी.

मी ही यादी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा हसलो. मग जरा विचार केला. देवघेव कर, भावना दाखव, बस, बोल, दुसऱ्याच्या गटात जा, मग स्वतःचा गट कर. तलवार कशी चालवायची याचा यात एक शब्दही नाही. कुणीतरी कोरियात बसून ठरवलं की जगात राहण्याआधी माणसाला एवढं यायला हवं, आणि त्याच क्रमाने. नव्या जागी नोकरीला लागलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या महिन्यात आपण नेमकं हेच शिकतो. चहाला कुणाबरोबर जायचं, कुठे बसायचं, कुणाला काय विचारायचं. काम त्यानंतर.

आता कच्च्या लिंबाची गोष्ट. रॅग्नारॉकमध्ये मेलात की अनुभवाचा काही भाग कापला जातो. वरच्या लेव्हलला एक टक्का जाणं म्हणजे तासन्‌तासांची माती. पण नॉव्हिस मेला तर काहीच कापलं जात नाही. म्हणजे पकडला गेला तरी राज्य नाही! गल्लीतला नियम जसाच्या तसा. आणखी एक: नॉव्हिसला 'मेल्याचं सोंग घेणं' हे कौशल्य शिकता येतं. राक्षस अंगावर आला की जमिनीवर आडवं पडायचं. तो बघतो, निघून जातो. हे कौशल्य फक्त नॉव्हिसचं. क्लास बदलला की ते हातातून जातं. तुम्ही योद्धा झालात, आता सोंग चालणार नाही.

नॉव्हिसची दहावी जॉब लेव्हल झाली की वाट फुटते. सहा रस्ते, प्रत्येकाचं गाव वेगळं. तलवारबाज व्हायचं तर इझलूड, जादूगार गेफेन, धनुर्धारी पेयॉन, व्यापारी अल्बर्टा, धर्मसेवक प्रॉन्टेराच्या चर्चमध्ये, चोर मोरॉकच्या पिरॅमिडमध्ये. तिथे चालत जायचं आणि परीक्षा द्यायची. व्यापाऱ्याची परीक्षा म्हणजे पार्सल पोचवायचं. धनुर्धाऱ्याने लाकडं गोळा करायची. चोराने शेतातून अळंबी चोरून आणायची! म्हणजे आधी थोडं जग बघा, कुठला रस्ता आवडतो ते कळू द्या, मग निवडा. एव्हरक्वेस्टने दारातच विचारलेला प्रश्न इथे थोडा वेळ देऊन विचारलाय. बेनेडिक्टचा मठ आणि हा गेम यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, पण डोकं सारखं चाललंय.

जे वर गेलेच नाहीत

डिझायनरने हा टप्पा तासा-दोन तासांचा म्हणून ठेवलेला असतो. पण माणसं ऐकतात थोडीच? काही जण म्हणाले, आम्हाला इथेच राहायचंय.

२००३ मध्ये कोरियातूनच 'मेपलस्टोरी' आला. सुरुवातीचा क्लास बिगिनर. त्याची कौशल्यं तीन: गोगलगायीचे शंख फेकून मारणं, जखम थोडी भरून काढणं आणि थोडा वेळ जोरात पळणं. सुरुवात मेपल आयलंड नावाच्या छोट्या बेटावर. तिथून १५० मेसो देऊन जहाजाने मोठ्या बेटावर जायचं. जुन्या मेपलस्टोरीत ते जहाज एकाच दिशेचं होतं, परतीचा रस्ता नाही. तर काही खेळाडू जहाजात चढलेच नाहीत. त्या बेटावर गोगलगायी आणि तसलेच किरकोळ प्राणी. लेव्हल जितकी वाढेल तितका त्यांच्यापासून मिळणारा अनुभव नगण्य. तरी ही माणसं महिनोन्‌महिने तिथेच. त्यांना 'आयलंडर' म्हणायचे. दुसरे काही बेट सोडायचे, पण क्लास घ्यायचे नाहीत. कायमचे बिगिनर.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०१२ साली पांडा लोकांची नवी जमात आली. त्यांचं सुरुवातीचं बेट संपलं की दोनपैकी एक बाजू निवडायची: अलायन्स की होर्ड. एका पठ्ठ्याने बाजू निवडलीच नाही. बाजू नाही म्हणजे बेटाबाहेर पाऊल नाही. मग त्याने काय केलं? त्या बेटावरची फुलं तोडली आणि खाणीतलं खनिज खणलं. त्यातून चिमूटभर अनुभव मिळतो. फुलं तोडून तोडून तो ९०व्या, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या लेव्हलला पोचला. एकही युद्ध न निवडता.

कंपन्यांनी या लोकांचं काय करायचं? दोन उत्तरं दिसतात. वॉरक्राफ्टने २००९ मध्ये सोय केली की गेममधली १० सोन्याची नाणी द्या आणि तुमचा अनुभव वाढणं बंद करा. खालच्या लेव्हलला राहून लढायची हौस असलेल्यांसाठी. रॅग्नारॉकचं उत्तर मला जास्त भावलं. त्यांनी 'सुपर नॉव्हिस' काढला. ४५व्या लेव्हलपर्यंत नॉव्हिस राहिलात तर तुम्हाला सहाही क्लासची सुरुवातीची जवळजवळ सगळी कौशल्यं शिकता येतात. थोडी जादू, थोडी चोरी, थोडा दुकानदारीचा गल्ला, थोडी प्रार्थना. जीव मात्र कमी, शस्त्रं हलकी. कुठल्याच गोष्टीत पहिला नंबर नाही. पण सगळ्यातलं थोडं थोडं येतं.

मी सध्या ३८व्या लेव्हलला आहे. नॉव्हिस म्हणून ४५ गाठणं म्हणजे बैलगाडीने मुंबई-पुणे. माझा मामेभाऊ फोनवर म्हणतो, "अरे, एवढ्या वेळात तू नाइट झाला असतास." झालो असतो. पण मला ते बघायचंय, की जे येत नाही म्हणून सगळे पुढे पळतात, त्यातच थांबलं तर काय दिसतं. आणि दिसतं. नकाशाचे कोपरे दिसतात. नव्याने आलेली पोरं दिसतात, त्यांना सफरचंदं देता येतात. कुणीतरी विचारतं, "बसायचं कसं?" आणि मी सांगतो, "तिसरी पायरी."

सुरुवात विकत घ्या, किंवा परत द्या

२०१४. वॉरक्राफ्टने साठ डॉलर्सना एक सोय विकायला काढली: नवं पात्र बनवा आणि थेट ९०व्या लेव्हलवर उभे राहा. सुरुवात वगळायची किंमत, साठ डॉलर्स. मी याला शिव्या घालणार नाही. ज्याचे मित्र वर खेळतायत आणि ज्याला नोकरी, पोरंबाळं आहेत, त्याला खाली सहा महिने घालवायचे नसतात. पण गोष्ट लक्षात घ्या. गेम दहा वर्षं वर वर बांधत गेला आणि सगळी वस्ती वरच्या मजल्यावर गेली. तळमजला ओस पडला. नवखा माणूस आला तर गाव रिकामं. कच्च्या लिंबाला सवलत होती, पण खेळायला कुणी नव्हतं. मग ती सवलत काय कामाची?

आणि मग ऑगस्ट २०१९. त्याच कंपनीने २००४ चा जुना गेम 'क्लासिक' म्हणून परत आणला. सगळे पुन्हा पहिल्या लेव्हलवर. सर्व्हरवर शिरायला तासन्‌तास रांगा. आत गेल्यावरही रांगा! एखाद्या कामासाठी एकच राक्षस मारायचा असला, तर खेळाडू त्याच्यासमोर रेशनच्या दुकानासारखे ओळीने उभे. कुणी सांगितलं नव्हतं. त्या रांगांचे फोटो जगभर फिरले. पाच वर्षांपूर्वी जी सुरुवात टाळायला लोक पैसे मोजत होते, तीच सुरुवात लोकांनी रांगेत उभं राहून परत घेतली. मला वाटतं त्यांना पहिली लेव्हल नको होती, त्यांना पहिल्या लेव्हलवरची गर्दी हवी होती.

मोबाईलवर तिसराच प्रकार आहे. पबजी मोबाईलमध्ये खालच्या रँकला बरेच विरोधक बॉट असतात. तुम्ही पहिल्या दिवशी दहा-बारा जणांना उडवता, कॉलर ताठ होते. खरं तर तुम्ही कच्चं लिंबू आहात, पण तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. गल्लीत त्या पोराला माहीत असायचं, म्हणून पक्कं होण्याचा दिवस यायचा. इथे तो दिवसच येत नाही. फक्त एक दिवस अचानक सगळे आपल्याला धुऊन काढायला लागतात आणि आपण नेटवर्कला दोष देतो.

पुन्हा नॉव्हिस

रॅग्नारॉकची शेवटची गंमत सांगतो. तुम्ही ९९व्या लेव्हलला पोचलात, जॉब लेव्हल ५० झाली, म्हणजे सगळं मिळवलं. आता पुढे काय? पुनर्जन्म. जूनो नावाच्या शहरात जायचं. १२ लाख ८५ हजार झेनी द्यायचे. मग यमिरचं पुस्तक वाचायचं आणि तिथून वाल्किरी नावाच्या देवतेसमोर जायचं. अट अशी की अंगावर काही सामान नको, खिशात एक झेनी नको. वाल्किरी तुम्हाला पहिल्या लेव्हलवर परत पाठवते. 'हाय नॉव्हिस' म्हणून. पुन्हा सुती सदरा. पुन्हा पोरिंग. आणि या वेळी वर चढायला आधीपेक्षा जास्त अनुभव लागतो.

सगळ्यात ताकदवान व्हायचं असेल तर पुन्हा उमेदवारी करावी लागते, आणि त्यासाठी मोजावे लागतात आयुष्यभर साठवलेले पैसे.

हे सगळं मी का सांगतोय? कारण आमच्या धंद्यात सध्या तळमजला ओस पडायला लागलाय. जाहिरात असते फ्रेशरची आणि खाली लिहिलेलं असतं, अनुभव दोन वर्षं. जे किरकोळ काम पूर्वी नव्या पोराला द्यायचे, छोटा बग, एखादी टेस्ट, ते आता एआयकडून करून घेणं सोपं पडतं. हिशेबाने बघितलं तर बरोबरच आहे. फुलं तोडायला माणूस कशाला? पण तो बग त्या पोराची पोरिंग होती. त्यावर मेलं तरी काही कापलं जात नव्हतं. ती काढून घेतली आणि त्याला थेट ९०व्या लेव्हलच्या गुहेत उभं केलं, तर तो मरणार, आणि आपण म्हणणार, हल्लीच्या पोरांना काही येत नाही.

आमच्या टीममध्ये जुलैत एक मुलगी लागलीय, कॉलेजातून नुकतीच. मी तिच्यासाठी एक यादी केलीय. हाताने सोडवायचे दहा छोटे बग, ज्यांना घाई नाही आणि जे बिघडले तर कुणाचं नुकसान नाही. मॅनेजर म्हणाले, "हे तर टूल पाच मिनिटांत करेल." मी म्हटलं, "हो, पण टूलला पुढे सिनिअर व्हायचं नाहीये." ते हसले आणि हो म्हणाले. सातवा बग चालू आहे. परवा तिने विचारलं, "दादा, हे चुकलं तर?" म्हटलं, "चुकू दे. अजून तुझ्यावर राज्य नाही."

तुमच्यापैकी जे आत्ता कुठेतरी पहिल्या लेव्हलवर आहेत, नव्या नोकरीत, नव्या शहरात, नव्या कॉलेजात, त्यांना एवढंच सांगेन की हा टप्पा उरकून टाकायची घाई करू नका. सोंग घेऊन पडायची मुभा पुढे मिळत नाही. आणि जे वर पोचलेत, त्यांनी अधूनमधून खाली चक्कर मारा. खिशात दोन सफरचंदं ठेवा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर माझी ४५वी लेव्हल झाली तर कळवतो. चला, अच्छा!